अप्राप्तकाल : क्रमदोषाची जुनी नोंद

अजिंठा म्हटले की चित्रे आठवतात, तर्कशास्त्र आठवत नाही. परंतु सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगाने वर्णिलेला एक विहार अभ्यासक अजिंठ्याचा मानतात, आणि बौद्ध नैयायिक दिङ्नाग तेथे पुष्कळदा राहत असे, अशी नोंद त्या प्रवासवर्णनात आहे. हेतू खरा कोणता आणि खोटा कोणता, याची छाननी ज्याने नव्याने बांधली, त्याचे नाव असे आपल्या डोंगराशी जोडलेले आहे.

या छाननीत क्रमालाही स्थान होते. न्यायसूत्रांत वादातील पराभवाची बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांतले एक ‘अप्राप्तकाल’ : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन हे अवयव उलटसुलट क्रमाने मांडणे. पुढे धर्मकीर्तीने ही लांबलचक यादी नाकारून निग्रहस्थाने दोनच मानली. तेव्हा प्रश्न उरतो तो असा, की अर्थ कळत असेल तर क्रम चुकणे हा दोष का मानावा?

आमच्या मते येथे दोन क्रम वेगळे केले पाहिजेत. एक बोलण्याचा, दुसरा संबंधाचा. ‘दशरथ रामाचा पिता’ आणि ‘रामाचा पिता दशरथ’ यांत अर्थ ढळत नाही, कारण विभक्ती त्याला धरून ठेवते. कवितेचा अन्वय लावता येतो तो याच बळावर. परंतु धुरावरून अग्नीचे अनुमान होते, अग्नीवरून धुराचे नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हा क्रम उलटला की तर्कच कोसळतो.

1972 च्या सुमारास मार्सेय येथे आलँ कोल्मेरोअर आणि फिलिप रुसेल यांनी प्रोलॉग ही तर्काधिष्ठित संगणकभाषा घडवली, तीही फ्रेंच वाक्ये यंत्राला समजावीत म्हणून. गंमत अशी की तिला विभक्ती नाही. तेथे ‘पिता(दशरथ, राम)’ मधील नावांची अदलाबदल केली की राम दशरथाचा पिता होतो. यादीतून घटक वेगळा काढणाऱ्या ‘सिलेक्ट’ या विधेयाला आधी घटक द्यावा लागतो, मग यादी. ‘डिलीट’ला आधी यादी, मग घटक. ‘सिलेक्ट’मध्ये क्रम उलटला तर यंत्र चूक दाखवत नाही, नुसते ‘नाही’ म्हणते. खरे नकारार्थी उत्तर आणि चुकीच्या प्रश्नाचे उत्तर, दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून लायब्ररीतील असा दोष कळवणाऱ्याची जबाबदारी मोठी. त्याने अपेक्षित क्रम, प्रत्यक्षातील क्रम आणि ज्यात अर्थ बदलतो असे एक लहान उदाहरण पुढे ठेवावे. न्यायसूत्रांनी या जबाबदारीच्या दोन्ही बाजू ओळखल्या होत्या. दोषाकडे काणाडोळा करणे हे ‘पर्यनुयोज्योपेक्षण’, आणि निर्दोषाला दोष देणे हे ‘निरनुयोज्यानुयोग’, दोन्ही निग्रहस्थानेच. केवळ आपल्या सवयीपेक्षा वेगळा क्रम दिसला म्हणून तक्रार करणारा दुसऱ्यात सापडतो. उत्तर ‘नाही’ आले म्हणून मुकाट्याने पुढे जाणारा पहिल्यात. साहित्याच्या समीक्षकालाही ही दोन नावे पाठ असावीत.