आधी दोरी

सकाळी 7. रात्रभर पाऊस झालेला. सोसायटीच्या फाटकाजवळच्या गुलमोहराच्या बुंध्याला उभी भेग दिसली. दहाचं नाणं लावून पाहिलं, तर सबंध आत गेलं. भेगेखाली जमिनीलगत लाकडासारखी टणक, चकचकीत तपकिरी आळंबी. दोन वर्षं ती तिथे होती, मुलं तिच्यावर पाय देऊन झाडावर चढायची. आतलं लाकूड किंवा मुळं कुजत असल्याची ती खूण, हे कोणाच्या गावी नव्हतं.

सकाळी 9. इस्त्रीवाले मामा आले. "मामा, आज गाडी पलीकडे लावा." "एवढं हिरवंगार झाड आहे ताई, त्याला काय होतंय?" इथेच माणूस फसतो. पाणी वर नेणारं लाकूड सालीलगत असतं. ते शाबूत असेतो पालवी टवटवीत राहते, गाभा पोकळ झाला तरी. चंडीगडच्या एका शाळेतला सुमारे 250 वर्षांचा पिंपळ 8 जुलै 2022 रोजी असाच कोसळला आणि एक विद्यार्थिनी गेली.

सकाळी 11. संबंधित कार्यालयाला फोन. लेखी अर्ज द्या, म्हणाले. दिला.

दुपारी 1. वॉचमनकडून लाकडी हातोडा घेऊन बुंधा ठोकला. फाटकाच्या बाजूला टणटण, रस्त्याच्या बाजूला ढब ढब. नुसत्या पोकळीने झाड पडतंच असं नाही. पण भोवतीचं धड लाकूड त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याहून कमी उरलं की धोका वाढतो, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. इथे भेगेत घातलेली सळई कोपरभर आत गेली. शिवाय त्याच बाजूची मुळं गेल्या वर्षी केबलच्या चरात तुटलेली, आणि वर बुंध्याला भिडवलेले पेव्हर ब्लॉक. झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीतल्या झाडांबाबत बजावलं होतं.

दुपारी 3.30. वारा सुटला. रस्त्याकडून झोत आला की ते ब्लॉक बोटभर उचलले जायचे, मग पुन्हा बसायचे. म्हणजे मुळांनी जमीन सोडली होती. तेव्हा कुठे मी दोरी बांधली आणि मामांना बाजूला केलं.

दुपारी 4.10. सर आली. गाडीवर लोकांचे इस्त्री केलेले कपडे होते. मामा दोरीखालून वाकून आत गेले.

मोठा आवाज झालाच नाही. बुंधा करकरला आणि फाटक दिसेनासं झालं.

रात्री 9. मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

भेग मला सकाळी सातलाच दिसली होती. तुम्हाला दिसली, तर आधी दोरी बांधा, खालची माणसं आणि गाड्या हलवा. फोन आणि अर्ज त्यानंतर.