मरोळची महाकाली लेणी : लोकलने जाऊन त्याच दिवशी घरी कसे परतायचे

डहाणू, पालघर, बोईसर पट्ट्यातून रोज हजारो माणसे लोकलने मुंबईला जातात. कुणी कामाला, कुणी दवाखान्याला, कुणी कोर्टकचेरीला. पण अंधेरीला उतरून मरोळच्या बाजूला पाच-सहा किलोमीटरवर दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, हे त्यातल्या बऱ्याच जणांच्या गावीही नसते. लेणी म्हटलं की वेरूळ-अजिंठा, मग जीप ठरवा, वर्गणी काढा, दोन दिवसांची सुट्टी टाका, असाच हिशेब मनात येतो. महाकाली लेण्यांना यातलं काही लागत नाही. लोकलचे तिकीट, घरची भाकरी आणि पहाटे उठायची तयारी, एवढ्यात काम होते. अट एकच : बेत परतीच्या गाडीपासून उलटा आखायचा.

आपल्याकडे लोक जायची गाडी पक्की करतात आणि येताना बघू म्हणतात. मुंबईकराला ते चालते, त्याला दर पाच मिनिटांनी गाडी आहे. विरारच्या पुढे तसे नाही. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली खरी, पण थेट चर्चगेट-दादरपर्यंत जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, बाकीच्या विरारला संपतात. येताना विरारला डहाणूची गाडी हुकली तर पुढच्या गाडीसाठी फलाटावर बराच वेळ काढावा लागतो. त्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या माणसाला तर गाडीपेक्षा एसटीची काळजी जास्त. डहाणूला किंवा पालघरला उतरल्यावर गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे, तो आकडा आधी कागदावर लिहायचा. त्याच्या अर्धा तास आधी आपल्या स्टेशनावर पोहोचवणारी लोकल कोणती ते बघायचे. मग विरार कधी सोडायचे, अंधेरी कधी सोडायची, असे मागे मागे यायचे. बहुतेकांचे उत्तर एकच निघते : दुपारी चारच्या आत अंधेरी सोडा. पाचनंतर कचेऱ्या सुटायला लागल्या की विरार गाडीत लहान पोर आणि म्हातारे माणूस घेऊन चढणे म्हणजे कुस्तीच.

जाताना पहाटेची गाडी धरावी. डहाणू ते अंधेरी अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. विरारची बदली धरून अडीच तासांचा हिशेब ठेवा. विरारहून अंधेरीसाठी जलद गाडी घ्यावी, इंडिकेटरवर जलद की धीमी ते बघूनच चढावे. जलद गाडी बोरिवलीनंतर बहुतेक थेट अंधेरीलाच थांबते, म्हणून बोरिवली आली की दाराकडे सरकायला लागा. अंधेरीला येऊन मग उठलात तर दादर बघून याल. तिकीट जातानाच परतीचे काढून ठेवले की संध्याकाळची रांग वाचते. मात्र लोकलचे तिकीट खिशात ठेवून गुजरातकडच्या एक्स्प्रेसच्या आरक्षित डब्यात चढू नये, दंड भरावा लागतो.

कुटुंब असेल तर बाया महिला डब्यात आणि गडी जनरलमध्ये अशी फाटाफूट होतेच. उतरल्यावर कुठे भेटायचे ते घरूनच ठरवून घ्या. अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या जिन्यापाशी, असे सांगितले की कुणी चुकत नाही. गर्दीत फोन लागेलच याची खात्री नसते. महिलांसाठी एक फायदा : एसटीत मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, त्यामुळे स्टेशनपर्यंतचा खर्च कमी होतो. लोकलला तशी सवलत नाही.

अंधेरी पूर्वेला बाहेर पडले की महाकाली लेण्यांकडे जाणारी बेस्टची बस मिळते, रिक्षाही मिळते. रिक्षावाल्याला 'महाकाली केव्हज' म्हणावे. नुसते 'महाकाली' म्हटले तर तो महाकाली रस्त्यावर कुठेही सोडेल, आणि तो रस्ता लांबलचक आहे. मेट्रोची हौस असेल तर जून २०१४ मध्ये सुरू झालेली घाटकोपरची मेट्रो अंधेरीवरून मरोळ नाक्याला जाते. तिथे भुयारी मेट्रो बदलून सीप्झ स्टेशनला उतरता येते. ही भुयारी गाडी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. पोरांना मजा येते, पण पैसा आणि चढउतार दोन्ही वाढतात. जाताना बस आणि येताना मेट्रो हा मधला मार्ग बरा.

तिथे बघायचे काय

लेण्यांचे जुने नाव कोंडिविटे. महाकाली हे नाव जवळच्या देवीच्या मंदिरावरून पडले, लेणी मात्र बौद्ध आहेत. एकूण १९. चार वायव्य बाजूला, पंधरा आग्नेय बाजूला. खोदकाम इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झाले आणि सहाव्या शतकापर्यंत चालू राहिले. बरीचशी भिक्षूंच्या राहण्याची विहारे आहेत : ओसरी, आत खोली, बसायला-निजायला दगडी ओटा. घाईघाईत सगळी फिरलात तर सगळी सारखीच वाटतील. त्यापेक्षा क्रमांक ९ च्या लेण्यात अर्धा तास घालवा.

तिथे सभागृहाच्या टोकाला दगडातच कोरलेली एक गोल खोली आहे, तिला दार आणि दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. आत स्तूप. वरचे छत घुमटासारखे. कार्ल्याचे चैत्यगृह पाहिलेल्याला हे वेगळे वाटेल, कारण ही घडण त्याच्याहून जुन्या वळणाची आहे. अशी रचना बिहारमधल्या बराबर टेकडीवरच्या सुदामा गुंफेत आहे, आणि ती मौर्यांच्या काळातली. गवताने शाकारलेली गोल झोपडी असते ना, तीच कारागिरांनी दगडात उतरवली. आपल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला हे लेणे कुणी समजावून सांगायची गरज नाही, तो बघताक्षणी ओळखेल.

याच लेण्यात ब्राह्मी लिपीतला छोटा लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मण दात्याने आपल्या भावासह विहाराचे दान दिले, असा त्याचा आशय. बाजूच्या भिंतीवर बुद्धाच्या मूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळात कोरलेल्या, आणि बऱ्याच झिजलेल्या-फुटलेल्या. टेकडीवर पाण्याची टाकी बघायला विसरू नका. पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या टाक्यात साठवून भिक्षू वर्ष काढत. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मोखाड्याच्या माणसाला हे टाके मूर्तींपेक्षा जास्त काही सांगेल.

इथला दगड मात्र दणकट नाही. ज्वालामुखीच्या तुकड्यातुकड्यांनी जमलेला हा खडक पावसापाण्याने झिजतो, पापुद्रे सुटतात. आजूबाजूला इमारती, कारखाने, वस्ती. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट असे कायदा सांगतो, पण मुंबईत इंचाइंचावर डोळा असतो. कोरीव कामावर हात टेकणे, खडूने नाव लिहिणे, मूर्तीवर पाय ठेवून फोटो काढणे, हे शाळेच्या सहलीत सर्रास होते. स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सहल नेणाऱ्या गुरुजींनी गाडीत बसायच्या आधीच पोरांना हे सांगितलेले बरे.

गाव गेले, नाव राहिले

कोंडिविटे हे गावही होते. तिथे १५७९ मध्ये पोर्तुगीज काळात सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च बांधले गेले. १८४० मध्ये साथीच्या रोगाने गाव हादरले आणि लोक मरोळला येऊन राहिले. देऊळ हलवावे तसे चर्चही त्यांनी मरोळला नव्याने बांधले. जुने चर्च ओस पडले. पुढे १९७३ मध्ये तिथे सीप्झचा निर्यात कारखान्यांचा भाग उभा राहिला आणि ते पडके चर्च कुंपणाच्या आत गेले. मूळ गावकऱ्यांचे वंशज वर्षातून एकदा, मे महिन्यात, परवानगी घेऊन तिथे प्रार्थना करतात. बाहेरच्या माणसाला फाटकावरून आत सोडत नाहीत, त्यामुळे हे चर्च बघायच्या यादीत धरू नका, रखवालदाराशी हुज्जतही नको. पण लेण्यांच्या टेकडीवरून आजूबाजूला बघताना हे ठाऊक असावे. धरणाखाली, कारखान्याखाली गाव गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला यात परके काही नाही.

लेणी बघून झाली की साधारण अकरा-साडेअकरा होतात. भाकरी लेण्याच्या आत सोडू नये, बाहेर सावलीत खावी. पाण्याची बाटली घरून भरून न्यावी. शौचालयाचे काम अंधेरी स्टेशनवरच उरकून घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडाला गेलात तर मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात चक्कर टाकता येते. पण सातपाटीच्या माणसाने तिथे जाऊन बोंबील विकत घ्यावेत हे काही पटण्यासारखे नाही.

हाताशी दोन तास असतील तर दुसरे ठिकाण जोगेश्वरीची गुंफा. अंधेरीहून घराच्या दिशेने एकच स्टेशन पुढे, पूर्वेला रिक्षाने थोडेच अंतर. ही शैव गुंफा सहाव्या शतकातली, म्हणजे घारापुरीच्या काळातली. जमिनीच्या पोटात उतरत जाणारा लांब जिना, मोठा मंडप, आणि आत देवीची पूजा आजही चालू आहे, म्हणून चपला बाहेर. जोगेश्वरीला जलद गाडी थांबत नाही. धीम्या गाडीने एक स्टेशन मागे अंधेरीला जाऊन तिथूनच विरार धरावी. बोरिवलीला चढायचा प्रयत्न केला तर विरार गाडी आधीच भरून आलेली असते.

कान्हेरी मात्र त्याच दिवशी जमवू नका. शंभरावर लेणी आहेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून बरेच आत जावे लागते, त्याला वेगळा दिवस हवा. आणि सोमवारी उद्यान बंद असते. ज्यांना मुंबईची गर्दीच नको, त्यांनी विरारच्या पुढचे नालासोपारा गाठावे. तिथल्या 'बुरूड राजाच्या कोटात' १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप खोदला. आत दगडी पेटीत एकात एक करंडक आणि बुद्धांच्या आठ लहान मूर्ती सापडल्या. त्या वस्तू आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, जागेवर विटांचा स्तूप उरला आहे. अर्ध्या दिवसात माणूस जेवायला घरी येतो.

वार कोणता निवडावा? रविवारी गर्दी कमी, पण पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक बहुधा रविवारीच दिवसा असतो. शनिवारी सायंकाळी वर्तमानपत्रात किंवा १३९ वर विचारून खात्री करावी. महिन्यातला दुसरा किंवा चौथा शनिवार जास्त सोयीचा, कारण बऱ्याच कचेऱ्या बंद असतात आणि ब्लॉकही सहसा नसतो. जुलै-ऑगस्टात खडक निसरडा होतो आणि लोकलचे वेळापत्रक पावसाच्या हातात जाते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, भातकापणी उरकल्यावरचे दिवस उत्तम. तरी विरारहून सुटणाऱ्या शेवटच्या दोन डहाणू गाड्यांच्या वेळा खिशातल्या कागदावर असू द्याव्यात, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.