वॅटचा शब्द आणि वऱ्हाडचे ऊन : संगणकाच्या एसएमपीएसचा इतिहास

१/
डेस्कटॉप संगणक घेताना प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांची कसून चौकशी होते. त्या सर्वांना वीज पुरवणाऱ्या पेटीची, म्हणजे एसएमपीएसची, चौकशी सहसा होत नाही. ती बहुधा कॅबिनेटसोबतच येते आणि तिच्यावर '४५० वॅट' असा आकडा छापलेला असतो. हा आकडा कसा मोजला आणि किती तापमानात मोजला, या प्रश्नामागे सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात त्याचे मोल रोख पैशांत कळते.

२/
गुरुकुंज मोझरी हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रम स्थापन केला. त्यांची ग्रामगीता १९५५ ची. गावाने स्वावलंबी व्हावे आणि उधळपट्टी टाळावी हा विचार या भूमीला नवा नाही. मात्र काटकसर आणि स्वस्ताई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसएमपीएसच्या इतिहासात हा फरक पुन्हा पुन्हा दिसतो.

३/
मूळ अडचण साधी आहे. भारतात घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. संगणकाला मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर, एकदिश वीज लागते. जुन्या पद्धतीत लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवी आणि उरलेले जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने जाळून टाकले जाई. पुरवठा स्थिर मिळे, पण निम्मी वीज वाया जाणे हे नित्याचेच होते.

४/
स्विचिंग पद्धतीने हा व्यवहार बदलला. आलेली वीज ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची आणि हवे तेवढेच पुढे सोडायचे. चालू-बंद होण्याचा वेग जितका अधिक, तितका ट्रान्सफॉर्मर लहान. १९६० च्या दशकात वजन आणि विजेची उधळण न परवडणाऱ्या उपग्रहांत ही पद्धत वापरली गेली. पुढे वेगवान ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि १९७० च्या दशकात ती लहान संगणकांत उतरली.

५/
येथे एक लोकप्रिय समज दूर करायला हवा. १९७७ च्या ॲपल-२ साठी रॉड होल्ट यांनी स्विचिंग वीजपुरवठा रचला. पुढच्या सर्व संगणकांनी त्याचीच नक्कल केली, असा दावा स्टीव्ह जॉब्स यांनी केला होता. होल्ट यांचे काम उत्तम होते. पण ही पद्धत त्याआधीच अनेक उद्योगांत रुळलेली होती. तिचे श्रेय एका माणसाचे नाही, स्वस्त झालेल्या ट्रान्झिस्टरचे आहे.

६/
१९८१ च्या आयबीएम पीसीचा वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता. १९८३ च्या एक्सटीचा १३० वॅटचा आणि १९८४ च्या एटीचा १९२ वॅटचा. आयबीएमच्या यंत्रांच्या नकला जगभर तयार होऊ लागल्या तशी पेटीच्या मापांचीही नक्कल झाली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण आणले. आता कोणाचीही पेटी कोणाच्याही कॅबिनेटमध्ये बसू लागली. ग्राहकाला एसएमपीएस 'निवडण्याचा' खरा अधिकार मिळाला तो येथे.

७/
अधिकारासोबत फसगतही आली. २००० च्या सुमारास, पेंटियम ४ च्या काळात, प्रोसेसरची वीज ५ व्होल्टऐवजी १२ व्होल्टच्या वाटेने येऊ लागली; चार पिनांची वेगळी जोडणी त्यासाठीच आली. पण अनेक स्वस्त पेट्यांची अंतर्गत रचना जुनीच राहिली. ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाटा भरभक्कम, १२ व्होल्टची दुबळी. साऱ्यांची बेरीज करून, कधी क्षणभराची कमाल क्षमता धरून, फलकावर मोठा आकडा छापला जाई.

८/
हा आकडा तपासण्याची रीत सोपी आहे. फलकावर १२ व्होल्टपुढे जे ॲम्पिअर लिहिलेले असतात, त्यांना १२ ने गुणावे. समजा '४५० वॅट'च्या पेटीवर १६ ॲम्पिअर लिहिले आहेत. गुणाकार १९२ वॅट. नव्या संगणकाला तिचा खरा उपयोग १९८४ च्या एटीच्या पेटीएवढाच! चांगल्या पेटीत १२ व्होल्टचे वॅट एकूण आकड्याच्या अगदी जवळ असतात.

९/
आता वऱ्हाडाकडे. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. पण तालुक्याच्या गावी संगणक पोहोचवला तो महासंगणकाने नव्हे. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीची केंद्रे ठिकठिकाणी उघडली. त्यांच्या खोल्यांत जुळणी केलेले डेस्कटॉप रांगेने मांडले गेले.

१०/
त्याच सुमारास महाराष्ट्रावर भारनियमनाचे सावट होते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या कंपन्या झाल्या. त्यानंतरची काही वर्षे ग्रामीण भागात रोज कित्येक तास वीज नसे. वीज येई तेव्हा झटका देऊन येई आणि कृषिपंप एकदम सुरू झाले की वाहिनीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडे.

११/
अकोल्याजवळ पारसचे औष्णिक केंद्र, आणि पुढे अमरावतीहून मोझरीकडे येणाऱ्या महामार्गावर नांदगाव पेठचा १३५० मेगावॅटचा प्रकल्प. वीज जवळ तयार होते म्हणून घरातले व्होल्टेज स्थिर राहतेच असे नाही. ते डीपी, तारांची लांबी आणि भार यांवर ठरते. जुन्या स्वस्त पेट्यांच्या मागे ११५/२३० चे लाल बटण असे. व्होल्टेज १८० च्या बरेच खाली गेले की संगणक बंद पडे. 'ॲक्टिव्ह पीएफसी' असलेल्या बहुतेक पेट्या १०० ते २४० व्होल्ट आपोआप स्वीकारतात. ग्रामीण वाहिनीवर हा गुण चैनीचा नाही, गरजेचा आहे.

१२/
दुसरा शत्रू ऊन. पेटीतल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू आटतो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष कपॅसिटर फुगून, फुटून जगभर असंख्य यंत्रे बंद पडली. म्हणूनच ८५ अंशांऐवजी १०५ अंशांसाठी बनवलेले कपॅसिटर ही चांगल्या पेटीची खूण ठरली.

१३/
पेटीतला गुण बाहेरून दिसावा म्हणून २००४ मध्ये अमेरिकेत '८० प्लस' हा शिक्का आला. २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता, ही त्याची मूळ अट. २००८ मध्ये ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या पायऱ्या जोडल्या गेल्या. पण मूळ चाचणी ११५ व्होल्टवर आणि सुमारे २३ अंशांच्या खोलीत होते. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. शिक्का खोटा नाही, पण त्याची खोली वऱ्हाडातली नाही.

१४/
इंटेलच्या एटीएक्स मार्गदर्शिकेत मात्र ५० अंशांपर्यंतच्या हवेत पेटी चालावी अशी अपेक्षा आहे. म्हणून शिक्क्यासोबत आणखी एक ओळ शोधावी : पूर्ण वॅट ४० किंवा ५० अंशांवर मिळतील, असे कंपनी लिहून देते का? जी कंपनी तापमान लिहीत नाही, तिचा आकडा थंड खोलीतला समजणे शहाणपणाचे.

१५/
आता हिशेब. संगणकाच्या भागांना सरासरी १५० वॅट लागतात आणि तो वर्षात २४०० तास चालतो असे धरू; म्हणजे ३६० युनिट. ७० टक्के कार्यक्षम पेटी त्यासाठी सुमारे ५१४ युनिट ओढेल, ८५ टक्क्यांची सुमारे ४२४. फरक ९० युनिट. युनिटमागे १० रुपये धरले तर वर्षाला ९०० रुपये. पण कार्यालयीन कामाचा, ६० वॅटचा संगणक असेल तर बचत ३६० रुपयेच. तेथे गोल्डच्या मागे धावण्यात अर्थ नाही. विश्वासू ब्राँझ पुरते.

१६/
यूपीएसचाही विचार आधीच करावा. वीज गेल्यावर चांगली पेटी सुमारे १६ मिलिसेकंद तग धरते. तेवढ्यात यूपीएसने भार उचलायचा असतो. स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर आणि ॲक्टिव्ह पीएफसी यांचे काही वेळा जुळत नाही, संगणक बंद पडतो. तेव्हा दोन्हींची जोडी दुकानातच लावून पाहावी. अर्थिंग नीट नसेल तर महागडी पेटीही अपुरीच.

१७/
सारांश : ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला ४०० ते ४५० 'खरे' वॅट पुष्कळ झाले. १२ व्होल्टचा गुणाकार, ॲक्टिव्ह पीएफसी, १०५ अंशांचे कपॅसिटर, लिहून दिलेले तापमान आणि काही वर्षांची हमी, या पाच गोष्टी पाहाव्यात. गरजेच्या दुप्पट वॅट घेणे ही उधळपट्टी, आणि कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेली पेटी ही बहुधा उधारी : तिची किंमत पुढे मदरबोर्ड किंवा डिस्क फेडते. या पेटीचा इतिहास म्हणजे आतला गुण बाहेर दिसावा यासाठी झालेली धडपड. ती अजून पूर्ण झालेली नाही. उरलेले मोजमाप गावच्या उन्हात ग्राहकालाच करावे लागते.