पालवणकर बाळूंना मत कोणी द्यायचे?

एप्रिल महिना आला की अकोला-अमरावतीकडच्या गावोगावी जयंतीनिमित्त टेनिस बॉलचे सामने भरतात. चषकाला नाव कोणाचे द्यायचे, यावर बैठकीत थोडी चर्चा होते. अशा बैठकांत आम्ही पालवणकर बाळूंचे नाव सुचवत आलो आहोत. उत्तर ठरलेले असते, "ते तर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले होते ना?" झाले, विषय संपला. या उत्तराचा इतिहासाच्या अंगाने विचार करावा म्हणून हा लेख.

आधी बाळू कोण होते ते पाहू, कारण नाकारणाऱ्यांपैकी बहुतेकांना १९३७ ची निवडणूक माहीत असते, क्रिकेट माहीत नसते. बाळू चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळे बांधायचे, ही त्यांची नोकरी. पगार महिना चार रुपये. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकायची, पण बॅट हातात मिळायची नाही. पुढे पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायची हौस आली, तेव्हा बाळूंची आठवण झाली. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्णांना चालला. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा आणि जेवायला वेगळे टेबल. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे!

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. पस्तिशीच्या आसपासचा हा माणूस. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्यातले मानपत्र तरुण भीमरावांनी लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा सांगतात. म्हणजे बाळूंना पहिले मत खुद्द बाबासाहेबांचे होते.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली ठरलेला कर्णधार पै आजारी पडला, तेव्हा कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले आणि बाळू संघातच नव्हते. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निषेध करून माघार घेतली. गाजावाजा झाला, तेव्हा अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार केले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंकडे आले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. आज देवधरांच्या नावाने राष्ट्रीय पातळीवरचा करंडक आहे. यात देवधरांचा दोष नाही, ते मोठे खेळाडू होतेच. बाळूंच्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा मात्र नाही.

आता थोडे अमेरिकेकडे वळू. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, त्यामुळे तिकडची तुलना आपल्याला परकी नाही. तिथे बेसबॉलच्या निवृत्त खेळाडूंसाठी कूपर्सटाउनला 'हॉल ऑफ फेम' आहे. त्यात कोणाला घ्यायचे ते मुख्यतः क्रीडा पत्रकार मतदानाने ठरवतात. पहिले मतदान १९३६ चे. पत्रकाराचे संघटनेत दहा वर्षे सदस्यत्व हवे, खेळाडू निवृत्त होऊन पाच वर्षे झालेली हवीत, एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावे, आणि ७५ टक्के मते पडली तरच प्रवेश. नियमात खेळातल्या कामगिरीबरोबर सचोटी आणि चारित्र्यही पाहा, असे लिहिले आहे.

कागदावर किती न्याय्य! पण मतपत्रिका कोणाच्या हातात होती? वेंडेल स्मिथ या कृष्णवर्णीय पत्रकाराला त्या संघटनेत प्रवेश मिळाला तो १९४८ साली, जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या लीगमध्ये उतरल्यानंतर. त्याआधी कृष्णवर्णीयांच्या लीगचे सामने या मतदारांच्या हिशेबात नव्हतेच. कॅप ॲन्सन या गोऱ्या खेळाडूने कृष्णवर्णीय समोर असेल तर खेळणार नाही, अशी भूमिका घेतली होती, आणि तो १९३९ मध्ये आत गेला. सॅचेल पेजसारख्या गोलंदाजाला १९७१ पर्यंत थांबावे लागले, आणि त्यालाही आधी वेगळ्या दालनात ठेवायचे घाटत होते. वेगळे टेबल, दुसरे काय! शेवटी २०२४ मध्ये कृष्णवर्णीय लीगची आकडेवारी मुख्य नोंदीत मिसळली, तेव्हा सर्वकालीन फलंदाजी सरासरीत जॉश गिब्सन पहिला निघाला. तो १९४७ मध्येच वारला होता.

आमच्या मुद्द्याशी जास्त जवळचा आहे तो रॉबिन्सन. १९४९ साली त्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे पॉल रोब्सनच्या विरोधात साक्ष दिली. १९६० मध्ये निक्सनचा प्रचार केला. जहाल कृष्णवर्णीयांनी त्याला खूप सुनावले. तरी त्याला त्याच्या समाजाने आपल्या इतिहासातून काढून टाकले नाही. १९६२ मध्ये तो निवडून आला, पण फलकावर फक्त खेळाचे आकडे होते. त्याने वर्णभेदाची भिंत पाडली ही ओळ त्यात नव्हती. तो फलक २००८ मध्ये बदलला.

आता बाळूंवरचे आरोप. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, खरे आहे. आपल्या अमरावतीच्या ग. आ. गवईंचीही आहे, आणि बाबासाहेबांचीही. ते हिंदू महासभेच्या बाजूने गेले आणि १९३७ साली काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांसमोर उभे केले, हेही खरे. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळूंचे राजकारण चुकले, असेच आमचे मत आहे. काँग्रेसने त्यांची लोकप्रियता वापरून घेतली. पण ज्या हिंदू जिमखान्याने त्यांना कर्णधार केले नाही, त्याने त्यांची जात पाहिली. आणि आपण त्यांचे राजकारण पाहून त्यांची गोलंदाजी खोडतो. दोन्हीकडे ११४ बळी मोजायचे राहून जातात.

आणि बैठकीत कोणी बोलत नाही ते आम्ही बोलतो. वऱ्हाडात आपली चळवळ बहुतांशी पूर्वाश्रमीच्या महारांची राहिली. बाळू चांभार होते, म्हणून त्यांच्यासाठी भांडायला आपल्याकडे कोणाला घाई नाही. हे मान्य करायला जड जाते, पण चांभारवाड्यातली पोरे आपल्या जयंतीला का येत नाहीत, असे विचारताना हेही विचारले पाहिजे.

येत्या एप्रिलच्या चषकासाठी आमचा प्रस्ताव तयार आहे. काहीही न लपवता फलकावरचा मजकूर असा ठेवावा:

'पालवणकर बाळू चषक. इंग्लंड दौरा १९११, ११४ बळी. जातीमुळे कर्णधारपद नाकारले. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसचे उमेदवार, पराभूत.'