वरळीच्या सरकारी चाळी : एक टिपण

मुंबईंत १८९६ सालीं प्लेग उद्भवला आणि कामकऱ्यांच्या घरांचा प्रश्न सरकारपुढें आला. १८९८ त इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें १९२० त गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. उभ्या राहिल्या २०७ चाळी, प्रत्येकींत सुमारें ८० खोल्या. पैकीं १२१ चाळी एकट्या वरळीस, बाकीच्या नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें.

डिलाईल रोडच्या चाळींस गिरण्यांचा शेजार होता. वरळी मात्र आडबाजूस; बाजार लांब, वाहनाची सोय अपुरी. सबब तेथील कित्येक चाळी ओस पडल्या आणि १९३० च्या कायदेभंगांत सरकारनें कांहींचा तुरुंग केला! भोंग्याच्या वेळीं गिरणीच्या दाराशीं पोंचतां येत नसेल, तर स्वस्त घरहि कुटुंबास महागच पडतें, हाच यांतील निष्कर्ष.

तो सरकारी नकाशांवरून कळत नाहीं. भाड्याच्या पावत्या व ट्राम-रेल्वेचे पास यांवरून कळूं शकेल. वरळीच्या चाळी आतां पाडल्या जात आहेत. सनदा-बखरी जपणाऱ्या संग्राहकांनीं हे कागदहि रद्दींत जाऊं देऊं नयेत, इतकीच विनंति.