सोंगाड्याची जागा

आमचा एक नातू आहे, अकरावीत शिकतो. रात्री जेवण झाले की कानाला यंत्र लावून संगणकासमोर बसतो. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या नावाचा खेळ आहे. नावातच चोरी, म्हणून आम्हाला काळजी वाटली. एके रात्री त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. पाहतो तर काय, चिरंजीव एका गॅरेजमध्ये उभे राहून कुणाच्या तरी गाडीचे बॉनेट उघडून बघताहेत. आम्ही विचारले, "अरे, मारामारी कुठाय?" तर म्हणाला, "आजोबा, मी मेकॅनिक आहे. मी मारामारी करत नाही." त्या खेळात म्हणे एक शहर असते, आणि त्या शहरात शेदोनशे माणसे एकाच वेळी आपापले सोंग घेऊन वावरतात. कुणी रुग्णवाहिका चालवतो, कुणी पोलीस, कुणी वकील. ठरलेले संवाद नाहीत, गोष्ट नाही. जे सुचेल ते बोलायचे.

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे आम्हाला एक खोड आहे. समोर काही आले की ‘हे पूर्वी कुठे पाहिले?’ असे आधी वाटते. आणि उत्तर लांब नव्हते. ज्या गावात आम्ही बसलो होतो, त्याच सांगलीत ते होते.

१८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन खूश झाले. पण खेळ कानडी. त्यांनी आपल्या आश्रयातल्या विष्णुदास भाव्यांना सांगितले, असे काहीतरी मराठीत करा. पुढच्याच वर्षी, १८४३ साली, ‘सीतास्वयंवर’ झाले. हा भाग शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो, नटराजाला हार घालतो, भाषणे करतो. पण त्या खेळाची रचना कशी होती, हे सहसा कुणी सांगत नाही, आणि आम्हाला रस आहे तो तिथे.

भाव्यांनी लिहिली ती फक्त पदे. पदे कोण म्हणणार? सूत्रधार. तो बाजूला उभा राहून गाणार, साथीदार मागे झांजा-मृदंग धरणार, आणि पात्रांनी त्या पदाचा आशय धरून आपल्या मनाने बोलायचे. रामाला काय बोलायचे ते कागदावर नव्हते. रावणालाही नव्हते. आजच्या भाषेत सांगायचे तर खेळाडूला पूर्ण मोकळीक.

मग त्या मोकळिकीचे झाले काय? इथे जरा थांबले पाहिजे. या नाटकांना लोकांनी पुढे नाव काय दिले? ‘अलल डुर्र’ची नाटके! राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत, तलवारी फिरवत, राळेचे भपके उडवत यायची, तिच्या ओरडण्याचे हे नाव. ज्याला बोलायचे स्वातंत्र्य दिले तो बोलण्यापेक्षा ओरडला, कारण ओरडल्यावर दाद लगेच मिळते. १८५१ साली अप्पासाहेब वारले, राजाश्रय सुटला, भाव्यांना खेळ घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली ते मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहापर्यंत पोहोचले. तिकीट काढून आलेल्या माणसाला राक्षस हवा होता. आम्ही त्या प्रेक्षकाला दोष देत नाही. आम्हीही लहानपणी जत्रेत राक्षस बघायलाच गेलो असतो.

त्याच खेळात आणखी एक पात्र होते. मंगलाचरण झाले की झाडाचा पाला अंगाला गुंडाळून, नाचत नाचत विदूषक यायचा. सूत्रधाराशी त्याची हुज्जत चालायची, मग गणपती, मग मोरावरची सरस्वती. हा विदूषक ना कुणाशी लढतो, ना कुणाला जिंकतो. पण सूत्रधाराला "तू कोण?" असे विचारायला कुणीतरी हवा असतो. त्याच्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. त्याचे स्वातंत्र्य रावणाच्या स्वातंत्र्यापेक्षा जास्त टिकाऊ होते, असे आमचे मत आहे. कारण ते गरजेवर उभे होते.

संगणकावरच्या खेळांचा इतिहास, नातवाकडून आणि थोडा वाचून, आम्ही समजून घेतला. गंमत म्हणजे तोही याच वाटेने गेलेला दिसतो. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला. त्यात शिंपी, लोहार, खाणकाम करणारा, काहीही होता येई. मोकळीक इतकी की कुणीही कुणाला मारू शकत होते. परिणाम काय झाला? खाणीत कुदळ चालवणाऱ्याला वाटेत गाठून लुटायचे, ठार करायचे, हाच कित्येकांचा खेळ झाला. शेवटी २००० साली त्या दुनियेचे दोन भाग करावे लागले. एका भागात संमतीशिवाय मारता येणार नाही, दुसऱ्यात येईल. राक्षसपार्टीसाठी वेगळे मैदान, म्हणा ना!

२००३ सालच्या ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ने वेगळी युक्ती केली. त्यात नर्तक आणि वादक होता येत असे. लढून दमलेल्या शिपायाचा थकवा त्यांच्या नाच-गाण्यानेच उतरणार, असा नियम. मग काय, मोठमोठे शूर येऊन मद्यालयात निमूट बसायचे, गप्पा मारायचे. नाचणारीला कुणी हिणवले नाही, कारण तिच्यावाचून अडत होते. २००५ च्या नोव्हेंबरात चालकांनी तिसाहून अधिक पेशे मोडून फक्त नऊ ठेवले. लढणारा लवकर रमावा, हा हेतू. जुने लोक चिडले, पुष्कळसे निघून गेले. २०११ च्या डिसेंबरात तो खेळ बंद झाला.

आपल्याकडे छाटणी झाली ती वेगळ्या दिशेने, आणि ती वाईटच होती असे आम्ही म्हणणार नाही. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले, म्हणजे लिहिलेले, बुकिश नाटक. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केले. सूत्रधाराचे गाणे पात्रांच्या तोंडी गेले आणि शब्द लेखकाच्या हाती. नटाची मोकळीक संपली. पण सांगलीपासून हाकेच्या अंतरावर हरिपूर आहे. तिथले गोविंद बल्लाळ देवल. त्यांची ‘शारदा’ १८९९ ची. म्हाताऱ्याशी लग्न लावली जाणारी एक मुलगी, तिचा लोभी बाप, मध्यस्थी करणारा दलाल. युद्ध नाही, राक्षस नाही. अलल डुर्रच्या मोकळिकीत ही मुलगी दोन वाक्ये तरी बोलू शकली असती का? आम्हाला शंका आहे. न लढणाऱ्या पात्राला जागा मिळाली ती नटाचे स्वातंत्र्य कमी झाल्यावर. हे आम्हालाही पचायला जड जाते, पण आहे ते असे आहे.

मात्र तिसरी एक वाटही होती, आणि ती नाटकगृहात नव्हती. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० पासून त्याला सांगली म्हणतात. त्यांच्या तमाशाची चौकट पक्की होती: गण, गौळण, बतावणी, वग. क्रम मोडायचा नाही. पण चौकटीच्या आत शब्द मोकळे. गौळणीत काय चालते? गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून दाण मागतात, आणि मावशी, म्हणजे लुगडे नेसलेला बाप्या, भांडायला पुढे होते. कुणी मरत नाही. सगळी लढाई जिभेची. त्यात गावचा पाटील येतो, तलाठी येतो, साखरेचा भाव येतो. कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, यांनी ‘जहरी प्याला’ या वगात दोन हवालदार उभे केले आणि पुढे त्याच नावांनी ओळखले गेले. पोलिसाचे सोंग, पण दंडुका मारण्यासाठी नाही. लोक हसून हसून मागे कलंडायचे.

इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. हा सोंगाड्या बोर्डावर पाटलाची टोपी उडवायचा. सकाळी त्याच पाटलापुढे चप्पल काढून उभा राहायचा. तमाशातले बहुतेक कलावंत ज्या जातींतून आले, त्यांना गावच्या पाणवठ्यावर मोकळीक नव्हती. मोकळीक फक्त ढोलकी वाजत असेपर्यंत. आणि सरकारलाही ती खुपली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा वगाची संहिता आधी तपासून घ्यायची अट आली. बतावणीची संहिता! ऐन वेळी जे सुचते ते आधी लिहून कसे देणार, हे त्या साहेबांना कुणी विचारले की नाही कोण जाणे.

आता परत त्या गॅरेजकडे येतो. आम्ही नातवाला विचारले, "तुला कुणी गोळी घातली तर?" तो म्हणाला, घालता येत नाही. म्हणजे बंदूक आहे, गोळीही आहे. पण कारण नसताना कुणाला मारले तर त्या शहरातून काढून टाकतात. आणि दुसरा नियम असा की कुणी बंदूक रोखली तर तुम्ही घाबरायचे. खरोखर घाबरल्यासारखे वागायचे, जिवाची किंमत असल्यासारखे. आम्ही म्हटले, अरे, हा तर बहुरूप्याचा करार! वहीपेन्सिल घेऊन, खाकी घालून दारात तो यायचा आणि "वॉरंट आहे, चला" म्हणायचा. आमची आजी पक्के ओळखून असायची, तरी पदर सावरून म्हणायची, "साहेब, काय गुन्हा झाला?" ती घाबरली नसती तर त्याचे सोंग दारातच पडले असते, आणि पायलीभर जोंधळेही गेले नसते.

त्याच रात्री आमच्यादेखत दोघे बुरखेधारी गॅरेजमध्ये शिरले. नातवाने हात वर केले, गल्ला काढून दिला. ते पळायला लागले, तर त्यांची गाडी चालू होईना. रेडिएटर गेला होता. नातू हात वर ठेवूनच म्हणाला, "दुरुस्ती करतो, पण पैसे आधी." दोघांनी आपसात बघितले, आणि लुटलेल्या गल्ल्यातूनच बिल चुकते केले.