बहरीनला उतरून रस्त्याने खोबर-दम्मामला जाताना गाडी कशी निवडावी?

रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी कुटुंबं दम्माम, खोबर, जुबैलला नोकरीत असलेल्या आपल्या माणसांकडे बहरीनमार्गे जातात. सुट्टीत दम्मामचं थेट तिकीट महाग पडतं, मग मुंबईहून बहरीन आणि पुढे गाडीने, असा बेत ठरतो. विमानाचं तिकीट आपण चार ठिकाणी भाव बघून काढतो. पुढची गाडी मात्र व्हॉट्सअॅपवर आलेल्या एखाद्या नंबरवर सोडून देतो.

बहरीन आणि सौदीला जोडणारा किंग फहद कॉजवे सुमारे २५ किलोमीटरचा. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो सुरू झाला. मधे बांधलेल्या बेटावर दोन्ही देशांचं इमिग्रेशन आणि कस्टम आहे. रस्ता मोकळा असेल तर मुहर्रकच्या विमानतळावरून खोबर तसं जवळच. पण दोन्हीकडे शुक्रवार-शनिवारची सुट्टी असते. गुरुवारी संध्याकाळी सौदीहून बहरीनकडे आणि शनिवारी संध्याकाळी उलट दिशेने गाड्यांच्या रांगा लागतात. लहान मुलं बरोबर असतील तर शनिवारची संध्याकाळ टाळलेलीच बरी.

आधी व्हिसा बघा. विमानतळाबाहेर पडायचं म्हणजे सौदीच्या व्हिसाबरोबर बहरीनचाही व्हिसा लागणार. परतताना पुन्हा बहरीनमधूनच विमान असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरणार नाही. आणि तिकीट दम्मामपर्यंतचं काढून मधेच बहरीनला उतरायचा विचार असेल तर तो सोडून द्या. सामान दम्मामला जाईल, आणि पुढचं विमान चुकवल्यामुळे परतीचं तिकीटही रद्द होऊ शकतं. तिकीट बहरीनपर्यंतचंच काढा.

आता गाडी. पर्याय तीन: पूल ओलांडणारी बस, परवानाधारक टॅक्सी, किंवा नातेवाइकाची गाडी. बस स्वस्त पडते, पण वेळा ठरलेल्या. बेटावर सगळ्यांनी उतरायचं, सामान तपासून घ्यायचं आणि शेवटच्या प्रवाशाची मोहोर उमटेपर्यंत थांबायचं. बसस्थानक विमानतळावर नसतं, तिथवर जायची सोय वेगळी करावी लागते. तरी एकट्या बाईला किंवा वयस्कर आई-वडिलांना पाठवायचं असेल तर मी बसच सांगेन, कारण तिकीट छापील असतं आणि जबाबदार कोण ते कळतं.

खाजगी गाडीवाला "भाईजान, मी रोज जातो" म्हणतो तेव्हा त्याला दोन गोष्टी विचारा. गाडी त्याच्या स्वतःच्या नावावर आहे का? नसेल तर मालकाचं अधिकारपत्र, ज्याला तिकडे तफवीज म्हणतात, त्याच्याजवळ आहे का? आणि गाडीचा विमा पलीकडच्या देशात चालतो का? आमच्या मेहुणीला नेणाऱ्या ड्रायव्हरकडे तफवीज नव्हती. बेटावरून गाडी परत फिरवली. दोन मुलं आणि पाच बॅगा घेऊन ती साडेतीन तास तिथे बसून राहिली, तेव्हा कुठे खोबरहून भाऊजी पोहोचले. आगाऊ दिलेले पैसे गेले ते गेलेच.

सौदीत भाड्याच्या टॅक्सीची नंबरप्लेट पिवळी असते, घरगुती गाडीची पांढरी. परवाना नसताना पांढऱ्या प्लेटच्या गाडीत पैसे घेऊन माणसं नेणं तिथे गुन्हा आहे. पोलिसांनी अडवलं तर गाडी जप्त होऊ शकते आणि आपण सामानासकट रस्त्यावर.

भाडं ठरवताना चलन बोलून घ्या. एक बहरीनी दिनार म्हणजे जवळपास १० रियाल. "तीस" म्हटलं की आपण रियाल समजतो, आणि उतरताना तो दिनार मागतो, म्हणजे ३०० रियाल. भाडं, चलन, माणसं, बॅगा, आणि बेटावर थांबण्याचे पैसे वेगळे की त्यातच, हे सगळं मेसेजमध्ये लिहून घ्या. संपूर्ण रक्कम आधी देऊ नका. गाडीत बसताना प्लेटचा फोटो काढून घरी पाठवा.

नियमित औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवा, कस्टमवर विचारतात. दोन्ही देशांचं घड्याळ एकच आहे, भारतापेक्षा अडीच तास मागे. खोबरला घ्यायला येणाऱ्याचा नंबर आणि पत्ता मोबाइलबरोबर कागदावरही लिहून ठेवा. पुलावर बॅटरी संपली तर तोच कागद ड्रायव्हरला दाखवता येतो.